माशांच्या वाट्याचं गोडं पाणी

आमच्या भाऊजींना पाण्याबद्दल कुणी शहाणपण शिकवायची गरज नव्हती. रेणुकादास हे त्यांचं नाव. माझ्या थोरल्या बहिणीचे, उज्ज्वलाक्काचे यजमान. सगळी नोकरी तहसीलीत गेली आणि त्यातली बरीचशी टंचाईच्या टेबलावर. उन्हाळा तोंडावर आला की गावोगावचे सरपंच टँकर मागायला त्यांच्यापुढं उभे राहायचे. भाऊजी विचारायचे, माणसं किती, जनावरं किती, विहीर आटली म्हणजे नक्की कुठवर आटली. कुणाचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. पण गाव वाढवून सांगतंय असं धरूनच ते कागदाला हात लावायचे आणि चार खेपा कापल्याशिवाय प्रस्ताव वर धाडायचे नाहीत. मी त्यांची मेहुणी, म्हणजे थट्टेचा परवाना माझ्याकडं कायमचा. मी म्हणायची, भाऊजी, तुम्ही इंद्राच्या कचेरीत कारकून असता तर पाऊससुद्धा निम्माच मंजूर झाला असता. ते हसायचे नाहीत. त्यांना ते कौतुकच वाटायचं.

घरातही तोच कायदा. लातूरला नळ रोज येत नाही हे काही नवं सांगायला नको. भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना, कपड्यांचं पाणी फरशीला, फरशीचं संडासात. अस्सल लातूरकर बादलीभर पाणी मोरीत ओतायचं म्हटलं तर आधी मागं वळून बघतो, कुणी पाहत तर नाही ना. मी लग्न होऊन नांदेडला गेले, गोदावरीच्या गावाला, तर पहिल्या वर्षी सासूबाई मला कंजूष म्हणायच्या. मी कंजूष नव्हते. मी लातूरची होते.

अशा या माणसाच्या किडन्या गेल्या. रक्तदाब जुनाच होता, गोळ्या खाण्यात टंगळमंगळ होती. निवृत्तीनंतर पाय सुजायला लागले, मग तोंड सुजलं, आणि तपासण्या होईतो फार उशीर झालेला होता. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस सुरू झालं. लघवी जवळजवळ बंदच झाली, त्यामुळं प्यायलेलं पाणी अंगातच राहायचं, ते मशीन काढील तेवढंच बाहेर. डॉक्टरांनी अक्काला एक बाटली दाखवली आणि सांगितलं, चहा, ताक, आमटी, औषधाचा घोट, सगळं धरून दिवसाला एवढंच. मीठही नावालाच. जास्त झालं तर फुप्फुसात पाणी भरेल आणि हृदय दमेल.

त्या दिवसापासून अक्का त्या बाटलीची राखणदार झाली. सकाळी भरायची, जे जे पोटात जाईल तेवढं तीतून कमी करायची. भाऊजींसमोर ती स्वतः पाणी प्यायची नाही. मागच्या अंगणात, पिंपाआड उभी राहून पेलाभर प्यायची आणि पदरानं तोंड पुसून आत यायची. भाऊजी दिवसभर हॉलमध्ये बसून स्वयंपाकघरातल्या माठाकडं बघत राहायचे. बोलणं पाण्यावरच येऊन ठेपायचं. कुणाच्या विहिरीचं पाणी किती थंड होतं, किल्लारीच्या भूकंपानंतर कामावर असताना कुठल्या रांजणातलं पाणी प्यायले होते. माणूस चिडका झाला होता. एकदा अक्कानं अर्धा घोट कमी दिला म्हणून पेला भिरकावला. पेल्यातलं पाणी सांडलं तेव्हा दोघंही त्या ओल्या फरशीकडं बघत बसले, आणि ते पाहून मला भांडण बघण्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

त्यांचा मुलगा राघवेंद्र हैदराबादला नोकरी करतो. बापाचं मन कशात तरी गुंतावं म्हणून तो गाडीत घालून काचेची टाकी घेऊन आला. साधी नव्हे, समुद्राच्या पाण्याची. तीत दोन नारिंगी मासे, पांढऱ्या पट्ट्यांचे, बोटाएवढे. काही खडक, एक पंप, दिवा, आणि पोतंभर खास मीठ. मी फोनवर म्हणाले, बाबा रे, लातुरात प्यायला पाणी नाही आणि तू तिथं समुद्र घेऊन चाललास? आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पण गल्लीतली पोरंटोरं, बायाबापड्या सगळे बघून गेले आणि भाऊजींनी किती तरी दिवसांनी कुणाला तरी काही समजावून सांगितलं, हे ऐकल्यावर मी तोंड मिटलं.

टाकीचं शास्त्र असं होतं. बोअरचं जड पाणी चालत नाही, विकतच्या जारचं शुद्ध पाणी घ्यायचं, त्यात ते मीठ मोजून विरघळवायचं. एक छोटी प्लास्टिकची डबी होती, तीत टाकीतलं पाणी भरलं की आतला काटा वर तरंगायचा. काटा हिरव्या पट्ट्यात असला तर खारटपणा बरोबर. दर आठवड्याला थोडं जुनं पाणी काढून तेवढंच नवं खारं पाणी घालायचं, कारण माशांची घाण त्या पाण्यात साचते. मोजमापाचं काम, म्हणजे भाऊजींचा जीव की प्राण.

तरी पहिल्याच महिन्यात त्यांनी नवशिक्याची चूक केली. पंख्यानं, दिव्यानं टाकीतलं पाणी रोज बोटभर उडून जायचं. समुद्राचं पाणी कमी झालं म्हणून हे समुद्राचंच पाणी घालायचे. काटा हिरवा पट्टा ओलांडून वर गेला. भाऊजी डबी आपटून बघत होते, तर अक्का फोडणी देता देता म्हणाली, आमटी आटली की खारट होते, तेव्हा आपण तीत मीठ घालतो की पाणी? उडून जातं ते पाणी, मीठ कुठं उडतं? भाऊजींनी डबी खाली ठेवली. मग वरून रोज गोडं पाणी घालायचं ठरलं, आणि काटा हळूहळू जागेवर आला. ही गोष्ट त्यांनी येईल त्या माणसाला सांगितली, बायकोचं नाव घेऊन सांगितली. आमच्या घराण्यात हे फार मोठं झालं.

एक गोष्ट मात्र त्या घराला जमेना, आणि ती म्हणजे काढलेलं पाणी टाकून देणं. बादलीभर पाणी, निवळशंख दिसणारं, आणि कशाच्याच कामाचं नाही. कुंडीला घातलं तर झाड जळतं, फरशी पुसली तर पांढरे डाग. राघवेंद्र सांगून गेला होता की सरळ गटारात ओता. पण अक्काचा हात होईना आणि भाऊजींचा तर त्याहून नाही. न्हाणीघरात एक निळा ड्रम ठेवला गेला आणि ते खारं पाणी त्यात साठत गेलं. कशाला, असं मी विचारलं, तर अक्का म्हणाली, "असू दे गं, कशाला तरी लागंल." लातूरच्या बाहेर हे कुणाला कळायचं नाही. मलाही हसू आलं, पण कळलं.

पाच-सहा महिने बरे गेले. खरंच बरे गेले, आणि ते सांगितलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं वाईटच आहे. भाऊजी सकाळी उठून आधी माशांकडं बघायचे. डायलिसिसहून आल्यावर थकून पडायचे, पण पडल्या पडल्या टाकी दिसेल अशी खाट लावून घेतली होती. पाण्याच्या गोष्टी थांबल्या. अक्का मला म्हणाली, आताशा मागतच नाहीत गं, आणि तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता.

मागत नव्हते, कारण मागायची गरज राहिली नव्हती.

उन्हाळा लागला आणि दवाखान्यात वजन वाढून यायला लागलं. दोन डायलिसिसच्या मधे जेवढं वजन वाढतं तेवढं अंगात साचलेलं पाणी, हे सरळ गणित. डॉक्टर अक्कावर रागावले, घरी पाणी जास्त होतंय. अक्कानं देवाची शपथ घेतली. बाटलीचा हिशेब तिचा चोख होता. डॉक्टरांनी विश्वास ठेवला नाही आणि सगळ्यांसमोर तिला म्हणाले, माया करू नका, माया महागात पडेल. ती घरी येऊन रडली. त्यानंतर तिनं बाटली आणखी कमी भरायला सुरुवात केली.

मी मे महिन्याच्या सुट्टीत गेले तेव्हा भाऊजींचे डोळे सुजलेले आणि दोनातला एक मासा कोपऱ्यात कललेला. माशानं खाणं सोडलं होतं. मी काट्याची डबी मागितली तर भाऊजी म्हणाले, काटा अडकलाय, बिघडलाय तो. मी म्हटलं, बघू तरी. तर नको म्हणाले, राघवेंद्र नवी पाठवणार आहे. चोराच्या मनात चांदणं, पण मला तेव्हा काहीच दिसलं नाही. मला वाटलं, माशाचं दुःख असेल. दुसऱ्या दिवशी मी नांदेडला परतणार होते, तर टाकीतलं थोडं पाणी बाटलीत भरून घेतलं. आमच्याकडं रंगीत माशांचं दुकान आहे, सत्यम नावाचा देगलूरकडचा माणूस चालवतो, निम्मं मराठी निम्मं तेलुगू बोलतो. म्हटलं, त्याला दाखवू.

सत्यमनं पाणी मोजलं, आणि पुन्हा मोजलं. म्हणाला, मीठ भयंकर चढलंय, मासा वाचलाच कसा. रोज वरून कुठलं पाणी घालता? मी म्हटलं, गोडं, जारचं, रोज तांब्याभर. त्यानं मान हलवली. "न्हाई बाई. या पाण्यात गोडं पडलेलंच न्हाई. कुणीतरी खारंच घालायलंय."

मी म्हणाले, शक्य नाही. पाण्याची पातळी बरोबर असते, जारमधलं पाणी रोज कमी होतं, मी स्वतः पाहिलंय. आणि बोलता बोलताच मला न्हाणीघरातला निळा ड्रम दिसला. मागच्या वेळी काठोकाठ होता. परवा मी त्यात डोकावले होते तेव्हा तो तळाला गेला होता. दुकानाच्या स्टुलावर मी बसून राहिले. सत्यम विचारत होता, चहा सांगू का. काखेत कळसा आणि गावाला वळसा. डॉक्टर विचारत होते पाणी कुठून येतं, आणि मासे विचारत होते पाणी कुठं जातं, आणि दोघांचं उत्तर एकाच खाटेवर पडलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी परत लातूरला. अक्का मंडईत गेलेली. भाऊजी मला बघून दचकले नाहीत. मी पिशवी खाली ठेवली आणि सरळ विचारलं, टाकीत ड्रममधलं खारं घालता आणि माशांच्या वाट्याचं गोडं तुम्ही पिता, होय ना? मला वाटलं होतं चिडतील, नाही म्हणतील, टंचाईच्या टेबलावरचा आवाज काढतील. त्यांनी फक्त टाकीकडं बघितलं. तोवर एक मासा मरून गेला होता, अक्कानं तो सकाळीच चमच्यानं काढला होता.

ते बोलले ते हळू, समजावून सांगितल्यासारखं. टाकीचं पाणी आटलं की खारट होतं, गोडं घातलं की बरं होतं, हे डोळ्यांनी बघितलं. मग वाटलं, आपल्याही आत मीठच चढलेलं असणार, म्हणून तर जीभ अशी होते. रोज थोडं गोडं पडलं तर आपलाही काटा जागेवर येईल. पहिल्यांदा झाकणभर घेतलं. मग पेलाभर.

मी म्हणाले, "भाऊजी, टाकीतलं पाणी उडून जातं. तुमच्यातलं जात नाही."

"ठाऊक हाय की," ते म्हणाले. "पण तहान लागायली ना, इंदू."

राग घेऊन मी चाळीस कोसांवरून आले होते, तो राग कुठं ठेवावा ते मला कळेना. तहानलेल्या माणसाला युक्तिवाद सुचतोच, मलाही सुचला असता. जन्मभर ज्यांनी गावांच्या खेपा कापल्या त्यांनी एका माशाच्या तांब्यात हात घातला होता, आणि हे मी थट्टेनंसुद्धा म्हणू शकले नाही. त्यांनी हात जोडले, अक्काला सांगू नको. त्यांनी माझ्यापुढं हात जोडलेले मला आजही नको वाटतात. मी त्यांना तोंडावर सांगितलं की सांगणार, आणि ती पिशव्या घेऊन दारात आली तेव्हा सांगितलं.

अक्का ओरडली नाही. तिनं भाजी निवडून ठेवली. मग माळ्यावरचा डबा काढला, त्यात एक कुलूप होतं. ज्या वर्षी शहराला रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी लोकांनी चोरीच्या भीतीनं पिंपांना कुलपं लावली होती, त्यातलं ते. तिनं जार स्वयंपाकघरात नेला, माठही आत नेला आणि दाराला कुलूप घातलं. किल्ली मंगळसूत्रात अडकवली. भाऊजी खाटेवरून हे सगळं बघत होते. ती त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "तुमच्यासाठीच करायले मी." नवऱ्यापासून पाण्याला कुलूप लावायची वेळ कुणा बाईवर येऊ नये.

उरलेल्या माशाचं काम तिनं अंगावर घेतलं. सत्यमनं मला बजावलं होतं की खारटपणा एकदम उतरवू नका, एकदम गोडं ओतलं तर मासा त्यानंच जाईल, जितका हळू चढला तितका हळू उतरवा. म्हणून अक्का रोज थोडं जुनं पाणी काढायची आणि तेवढंच फिकं घालायची. काढलेलं पाणी ती आता गटारात ओतत होती. ड्रम तिनं रिकामा करून उपडा घातला. मागं वळून न बघता पाणी ओतणारी माझी बहीण मी पहिल्यांदा पाहिली.

काटा हिरव्या पट्ट्यात आला, मासा खायला लागला. भाऊजींनी मात्र टाकीकडं पाठ केली. खाट फिरवून घेतली. पाणी मागणं त्यांनी बंदच केलं, आणि या वेळी ते खरं होतं. अक्का बाटलीतलं द्यायची तेवढं प्यायचे, पेला परत द्यायचे. वजन पुन्हा ताळ्यावर आलं. डॉक्टर म्हणाले, छान. अक्का फोनवर म्हणायची, बोलत नाहीत गं माझ्याशी. भांडतसुद्धा नाहीत. मी म्हणायची, जगतायत ना. ती म्हणायची, हो.

पण त्या उन्हाळ्यात हृदयानं जे ओढायचं ते ओढून झालं होतं. श्रावण संपता संपता दम लागायला लागला. मी पोचले तोवर त्यांना दवाखान्यात ठेवलं होतं, नाकाला नळी. मशीनवर घेतलं की रक्तदाब कोसळायचा, म्हणून डायलिसिस अर्ध्यावर थांबवावं लागायचं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. राघवेंद्र हैदराबादहून आला. डॉक्टरांनी आम्हा तिघांना बाहेर बोलावून सांगितलं की आता मशीनवर घेण्यात अर्थ नाही. ते त्या दिवशी अक्काशी फार मऊ बोलले. म्हणाले, काकू, त्यांना जे हवं असेल ते द्या. पाणी मागितलं तर पाणी द्या.

"किती?" अक्कानं विचारलं.

"आता मोजू नका," डॉक्टर म्हणाले.

आत येऊन तिनं पेला भरला. काठोकाठ. राघवेंद्र मदतीला पुढं झाला, पण तिनं त्याला पेल्याला हात लावू दिला नाही. भाऊजींच्या मानेखाली हात घालून तिनं त्यांना थोडं उठवलं. त्यांनी पेल्याकडं बघितलं, मग तिच्याकडं, बऱ्याच महिन्यांनी तिच्याकडं. दोन घोट घेतले. तिसरा ओठांतून गळ्यावर आला आणि गळ्यावरून उशीवर. अक्का म्हणत होती, "घ्या ना. घ्या, आहे अजून." त्यांनी मान हलवली. तहान राहिली नव्हती की गिळायची ताकद राहिली नव्हती, ते मला सांगता येणार नाही. दुपारी ते गेले.

सगळं आवरल्यावर, तेरावा झाल्यावर, राघवेंद्र टाकी गाडीत घालून नांदेडला सत्यमकडं देऊन आला. मासा जिवंत होता. अक्कानं ना विचारलं, ना बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात बसून ती गहू निवडत होती आणि मी तिच्याशेजारी.

ती म्हणाली, "इंदू, आपली आई काय म्हणायची? वैऱ्याला सुदिक पाण्याला न्हाई म्हणू नये."

मी म्हणाले, अक्का, तू मोजून दिलंस म्हणून ते एवढे दिवस राहिले. न मोजता दिलं असतं तर आधीच गेले असते. डॉक्टरांनाही विचार. हे खरं होतं, अक्षर न् अक्षर खरं, आणि तिनं ते ऐकून घेतलं. गव्हातला खडा काढून बाजूला ठेवला.

"हाव," ती म्हणाली. "पण न्हाई म्हणायला रोज मीच होते."